सिल्व्हर गाडीवर टच-अपचे ठिपके काळे का दिसतात, आणि ते कसे टाळायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०१७ ची सिल्की सिल्व्हर स्विफ्ट. मुंबई-गोवा रस्त्यावर पुढच्या ट्रकची खडी उडून बोनेटच्या नाकावर आठ-दहा टवके उडालेत. कोड बघून टच-अपची बाटली ऑनलाइन मागवली, झाकणातल्या ब्रशने लावली, आणि आता टवक्यांच्या जागी काळपट ठिपके दिसतात. मागच्या दारावर किल्लीने ओढलेली रेघ आहे, ती वेगळीच. एका ठिकाणी ‘अख्खं बोनेट रंगवावं लागेल’ असं सांगितलं. आणि पावसाळा तोंडावर आलाय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात सव्वीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. बाटलीला शिव्या घालायची घाई करू नका. बाटली बहुतेक बरोबर आहे, तुम्ही ठेवलेला थेंब चुकलाय.

सिल्व्हर रंगात चांदी नसते, ॲल्युमिनियमची बारीक चमकी असते. कारखान्यात हा रंग बारीक फवाऱ्याने, पातळ बसतो. त्यामुळे चमकीचे कण पत्र्यावर आडवे झोपतात, आणि प्रत्येक कण छोट्या आरशासारखा उजेड परत फेकतो. तुम्ही ब्रशने जाड थेंब ठेवला की तेच कण त्यात पोहत राहतात. काही उभे, काही तिरके, काही बुडाशी. उभ्या आरशातून उजेड परत येईल कुठून? म्हणून तो ठिपका राखाडी, काळपट दिसतो. दुसरं कारण याहून साधं आहे. बाटली नीट हलवलेली नसते. चमकी जड, ती तळाशी बसते. नवीन बाटली उघडायच्या आधी उलटी करून बुडाकडे बघा, तळाला चिकटलेला चंदेरी चिखल दिसेल. तो पूर्ण सुटेपर्यंत, म्हणजे घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं, बाटली हलवायची. आतल्या गोळीचा आवाज मोकळा यायला लागला की समजा सुटला. लोक चार वेळा हलवतात आणि वरचं पाणी गाडीला लावतात.

तरी बाटली तपासून घ्याच. सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस. बऱ्याच मारुतींमध्ये बोनेट उघडल्यावर काचेच्या बाजूच्या पत्र्यावर एक छोटी पट्टी असते, त्यावर रंगाचा कोड कोरलेला असतो. होंडाला ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर एनएचपासून सुरू होणारा आकडा दिसला तर तो पांढऱ्या-काळ्या-राखाडी घराण्यातला रंग. टोयोटाच्या पट्टीवर सी/टीआर असं लिहिलेलं असतं. त्यातला तिरप्या रेघेआधीचा कोड बाहेरच्या रंगाचा, नंतरचा आतल्या सीट-कापडाचा. उलटं वाचून आलेली माणसं मी पाहिलीत. आरसी बुकात रंगाचं नुसतं नाव असतं, त्यावर रंग घेऊ नका. ‘सिल्व्हर’ म्हणाल तर दुकानदार पाच डबे समोर ठेवेल आणि पाचही खोटे निघतील.

आता कोड जुळला म्हणजे रंग जुळला का? नाही. कोड म्हणजे गाडीचं गोत्र. चेहरा त्यावरून कळत नाही. एकाच कोडच्या दोन गाड्या वेगवेगळ्या महिन्यांत रंगल्या असतील तर त्यांच्यात बारीक फरक असतो. म्हणून रंग कंपन्यांच्या यादीत एका कोडखाली मूळ फॉर्म्युला आणि त्याचे व्हेरिएंट असतात, जरा पिवळट, जरा निळसर, जरा जाड चमकीचा. त्यात बंपर प्लॅस्टिकचा, तो बहुधा वेगळ्या ठिकाणी वेगळा रंगून येतो. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीचा बंपर आणि फेंडर शेजारी शेजारी धरून बघा, कित्येकदा एक छटा वेगळी सापडेल. त्यावर तुमच्या गाडीने इतकी वर्षं ऊन खाल्लंय. बाटलीतल्या रंगाने एक दिवसही नाही.

म्हणून माझा सल्ला असा: तयार बाटली बाजूला ठेवा, आणि तुमच्या शहरात कलर मिक्सिंगचं दुकान असेल तर तिथे जा. जाताना पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण काढून न्या. बहुतेक गाड्यांत ते सहज निघतं, नाहीतर गाडीच घेऊन जा. पण त्याआधी एक काम करायचं, आणि ते शंभरातले नव्वद जण करत नाहीत. झाकणावर बारीक कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणायची पेस्ट, मारून ते चकचकीत करा. जुन्या क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, धूळ, मळ, उन्हाने आलेला पांढुरका पडदा असतो. त्या पडद्याला रंग जुळवून आणलात, नंतर गाडी पॉलिश केलीत, की गाडी उजळते आणि तुमचे ठिपके मागे राहतात.

दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर उत्तम. ते यंत्र झाकणावर टेकवतात आणि ते जवळचा व्हेरिएंट सुचवतं. नसेल तर रंगांच्या पट्ट्यांचा पंखा असतो, तो उघडून झाकणाशी लावतात. दोन्हीत शेवटचा निकाल डोळ्याचाच. दुकानाच्या ट्यूबखाली निकाल देऊ नका. बाहेर या, पण टळटळीत उन्हात नको, सावलीत किंवा ढगाळ उजेडात उभे राहा. पट्टी आणि झाकण समोरून बघा, मग तिरपं धरून बघा. सिल्व्हर समोरून जुळतो आणि तिरपं धरलं की काळा पडतो, त्याची चूक इथेच पकडली जाते. दिवसा जुळलेला रंग रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली वेगळा दिसला तर मात्र दुकानदाराशी भांडू नका. दोन रंगद्रव्यं एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात, त्याला इलाज फारसा नाही.

रंग ओला असताना काहीच ठरवायचं नाही. व्हिजिटिंग कार्डावर एक हात मारा, वाळू द्या, त्यावर क्लिअर मारा, तेही वाळू द्या, मग कार्ड गाडीवर ठेवा. क्लिअर बसल्याशिवाय बेसचा, म्हणजे त्याखालच्या रंगाच्या थराचा, खरा रंग दिसतच नाही, तो मेलेला, खडूसारखा दिसतो.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एक पांढरी गाडी आली, दारावर टवका. पांढरा म्हणजे पांढरा, मी साधा पांढरा लावला. गिऱ्हाईक संध्याकाळी घेऊन गेलं, सकाळी परत आलं. उन्हात तो ठिपका भिंतीला चुना लावल्यासारखा दिसत होता. गाडीचा रंग पर्ल व्हाइट होता: खाली पांढरा, त्यावर अभ्रकाची चमक असलेला पारदर्शक थर, त्यावर क्लिअर. तीन थरांचा रंग. मिस्त्रींनी मला त्या दिवशी काही बोलून दाखवलं नाही, नुसतं ते दार पुन्हा पूर्ण करायला लावलं, माझ्या पैशांतून. तेव्हापासून पांढरी गाडी आली की मी आधी मोबाइलची बॅटरी लावून पत्र्यात चमक आहे का बघतो.

तुमच्यासाठी या गोष्टीचा उपयोग एवढाच की साधा पांढरा किंवा साधा लाल टच-अपला सगळ्यात सोपा, सिल्व्हर अवघड, आणि तीन थरांचा पर्ल घरी करायच्या भानगडीत पडू नये. जुनी मारुती ८०० वगैरे असेल तर आधी पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर नाही, रंगच वरचा थर आहे. तिथे क्लिअर लावायचं नाही.

आता टवक्याकडे. कारखान्याचा रंग किती जाड असतो? पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन. डोक्याचा केस ७०च्या आसपास धरला तर जेमतेम दीड केस. त्यातही तळाचा ईडी कोट, म्हणजे गंज रोखायला विजेने चढवलेला थर, २० च्या आसपास, मग प्रायमर, मग खरा रंग १५-२० मायक्रॉनचा आणि वर क्लिअर ४०च्या घरात. म्हणजे ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो यातला सगळ्यात पातळ थर. टवका म्हणजे या चार थरांत पडलेली विहीर. ती एका थेंबाने बुजवायला गेलं की रंग भलताच जाड होतो आणि चमकी उभी राहते. विहीर भरायची ती त्याच क्रमाने: प्रायमर, रंग, क्लिअर, प्रत्येकाचा त्याच्या वाट्याचा हिस्सा.

सामान फार नाही. जुळवलेला बेस, छोट्या बाटलीत. राखाडी प्रायमर थोडा. क्लिअर, तो कडक करणारा हार्डनर आणि चांगला पीयू थिनर. स्वस्तातला एनसी थिनर हात धुवायला ठेवा. शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश, टूथपिकचं पाकीट, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा पॉलिश पेपर), बारीक कंपाउंड, मायक्रोफायबर फडकी. हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी गेटला मारतात तो सिंथेटिक इनॅमल चुकूनही आणू नका. तो लवकर वाळत नाही, पिवळा पडतो आणि त्यावर दुसरा थर चढवला की सुरकुततो.

तुम्ही लावलेले काळे ठिपके आधी काढायचे. ते हार्डनर नसलेल्या रंगाचे असणार, म्हणून कापसाची छोटी वात टूथपिकला गुंडाळा, थिनरमध्ये बुडवून झटका आणि फक्त ठिपक्यावर फिरवा. कारखान्याचा क्लिअर भट्टीत भाजलेला असतो, क्षणभराच्या थिनरने त्याला काही होत नाही. पण फडकं भिजवून बोनेटवर ठेवलंत तर होईल.

मग गाडी शाम्पूने धुवा. नाकावर डांबराचे ठिपके असतात, ते रॉकेलच्या फडक्याने काढा आणि पुन्हा धुवा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डॅशबोर्डला चकाकी आणणारं जे पॉलिश असतं त्यात सिलिकॉन असतो, तो बोटांना लागून बोनेटवर येतो आणि रंग तिथे गोल खड्डा करून मागे सरतो. आम्ही त्याला फिश-आय म्हणतो. गाडीला सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर टवक्याभोवतीचं कोटिंग घासून काढावं लागेल, त्यावर रंग धरत नाही.

आता एकच टवका घ्या आणि भिंगातून बघा. कडा उचललेल्या असतील तर टूथपिकच्या टोकाने उचकटा, सुटायचं ते आत्ताच सुटू दे. तळाशी राखाडी दिसतंय म्हणजे प्रायमर शाबूत, थेट रंगावर जा. चकचकीत पत्रा दिसतोय म्हणजे प्रायमर लावायचा. तांबूस ठिपका दिसतोय म्हणजे गंज. गंजावर रंग लावणं म्हणजे किडलेल्या दातावर टोपी बसवणं. नवीन ब्लेडच्या कोपऱ्याने तो टोकरून काढा, पत्रा उजळ दिसेपर्यंत. खोल गेलेला असेल तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर टूथपिकने लावा, पुसा, वाळवा. तुमची गाडी कोकणातून येते-जाते, खाऱ्या हवेत हा गंज क्लिअरखालून बाजूला पसरतो आणि वर्षभरात टवक्याभोवती फुगवटा येतो. रंग जुळण्याआधी पत्रा बंद होणं महत्त्वाचं, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि प्रत्येक जण रंगाचंच विचारतो.

प्रायमरचा थेंब टूथपिकच्या टोकावर घ्या, जिऱ्याच्या दाण्याच्या अर्ध्याएवढा, आणि विहिरीच्या मध्यभागी टेकवा. ओढायचं नाही. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. अर्धा तास थांबा. मग बेस. इथे खरी मेख आहे. बेसमध्ये नेहमीपेक्षा थोडा जास्त थिनर घाला, रंग दुधासारखा पातळ झाला पाहिजे. पहिला थर तळ जेमतेम झाकेल एवढाच. वीस मिनिटं. दुसरा. वीस मिनिटं. गरज पडली तर तिसरा. प्रत्येक थर इतका पातळ की चमकीला आडवं पडण्यावाचून गती नाही. शेवटच्या थराला ब्रश जवळजवळ कोरडा ठेवायचा, आधी कार्डावर टेकवून रंग झटकायचा आणि मग टवक्यावर नुसता स्पर्श. प्रत्येक थेंबाआधी बाटली हलवायची, दर वेळी. मी टवक्यांची रांग लावतो: पहिल्यापासून दहाव्यापर्यंत एक थर, तोवर पहिला वाळलेला असतो. म्हणजे वाट बघत बसावं लागत नाही आणि घाई करायचा मोहही होत नाही.

बेस आजूबाजूच्या पातळीपेक्षा जरा खाली राहिला पाहिजे. उरलेली जागा क्लिअरची. क्लिअर हार्डनर घालून घ्या, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून. अंदाजे ओतलंत तर एकतर आठवडाभर चिकट राहील नाहीतर तडकेल. दोन-तीन थेंबांत विहीर भरून किंचित वर यायला हवी, कारण थिनर उडाला की क्लिअर खाली बसतो. हे काम हवेशीर जागी करा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसांना घातक. टूथपिकने लावताना त्रास फारसा नाही, पण हार्डनरवाला स्प्रे कॅन वापरणार असाल तर कार्बन फिल्टरचा चांगला मास्क हवाच, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

मग गाडी आठवडाभर विसरा. खरोखर विसरा. दुसऱ्या दिवशी पेपर मारणाऱ्यांचा ठिपका पेपरबरोबर निघून येतो. आठ दिवसांनी पेन्सिलीच्या मागचं खोडरबर घ्या, त्याच्या टोकाला २००० चा पेपर चिकटवा, नखाएवढा. बोटाने पेपर मारला तर बोट खड्ड्यात उतरतं, खोडरबर सपाट राहतं आणि फक्त उंचवटा कापतं. पाण्यात दोन थेंब शाम्पू, आणि हलक्या हाताने पाच-सहा वेळा. पुसा, बघा. ठिपका मंद झाला आणि भोवतालचा क्लिअर जेमतेम मंद व्हायला लागला की थांबा. कारखान्याचा क्लिअर केसाच्या निम्म्याइतकाच जाड आहे हे डोक्यात ठेवा. मग ३०००, मग कंपाउंड. महिनाभर वॅक्स नको.

एवढं करून ठिपका अदृश्य होईल का? नाक लावून बघितलंत तर दिसेल. दोन हातांवरून दिसणार नाही. टच-अपकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नका, आणि जो याहून जास्त कबूल करतो त्याच्याकडे जाऊ नका.

दाराच्या रेघेचं वेगळं आहे. नख आडवं फिरवून बघा. नख अडकत नसेल तर ओरखडा क्लिअरमध्येच आहे, कंपाउंडने जाईल, रंग लागतच नाही. नख अडकतंय आणि आत राखाडी दिसतंय, तर त्या रेघेत ब्रशने सिल्व्हर भरू नका. ठिपक्याची चूक डोळा माफ करतो, दोन फूट लांब रेघेची नाही. दाराच्या सपाट पत्र्यावर उजेड सरळ घसरतो, त्यात ती भरलेली रेघ मूळ ओरखड्यापेक्षा ठळक दिसते. ते दार स्प्रेनेच करायचं, आणि सिल्व्हर असल्यामुळे रंग शेजारच्या दारावर थोडा उतरवत नेऊन, म्हणजे ब्लेंड करून, क्लिअर पूर्ण पॅनलला. पेंटर ‘फक्त तेवढाच पट्टा मारतो’ म्हणाला तर दुसरा पेंटर बघा.

बोनेट अख्खं रंगवायची मात्र गरज नाही. आठ-दहा टवके हे टच-अपचं काम आहे. पन्नास-साठ असते, किंवा क्लिअरचे पोपडे सुटले असते, तर मीही तेच सांगितलं असतं. आणि कारखान्याचा भाजलेला रंग एकदा घासून काढला की तसा पुन्हा कुठल्याच गॅरेजमध्ये मिळत नाही. दाराचं काम विम्यात घालायचं असेल तर आधी नो क्लेम बोनस किती आहे बघा. क्लेम न घेता वर्षं गेली की ती सूट २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढलेली असते, आणि एका क्लेमने शून्यावर येते. एका दारासाठी ते सहसा परवडत नाही.

पावसाचं म्हणाल तर घाई करून भर जूनमध्ये हे काम काढू नका. हवेत ओल असली की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढुरका पडतो. कोरडा आठवडा मिळाला तर दुपारी अकरा ते तीन, शेडमध्ये, आधी टवक्यावर हेअर ड्रायर लांबून फिरवून ओल काढून करा. नाही मिळाला तर आत्ता फक्त गंज काढा, प्रायमरचा थेंब ठेवा, आणि तो वाळल्यावर वरून बायकोचं पारदर्शक नेलपॉलिश लावून टवके बंद करा. हसू नका, मी माझ्या गाडीला केलंय. दसऱ्यानंतर दोन्ही थिनरच्या वातीने काढायचे आणि प्रायमरपासून नीट काम करायचं.

उरलेला बेस टाकू नका. हार्डनर न घातलेला बेस झाकण घट्ट असेल तर बराच काळ टिकतो. क्लिअर आणि हार्डनर मात्र वेगवेगळेच ठेवा, एकत्र केलेलं काही तासांत दगड होतं. बाटलीवर कोड, कुठला व्हेरिएंट जुळला ते आणि तारीख लिहून चिकटवा, आणि नमुन्याचं ते व्हिजिटिंग कार्ड गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या वेळी दुकानदार आधी तेच मागेल.